पाव्हणं, पाय धुवा

शेजारच्या रिकाम्या घराचं कुलूप उघडलं त्या सकाळी मी ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होतो. अंगात काळा कोट, खाली धोतर, पायांत पलटणीतले जाड बूट आणि डोक्याला पिवळा पटका, अशा थाटात एक उंच गृहस्थ पत्र्याची ट्रंक घेऊन आले. दार उघडून आत गेले. मागच्या आडाचं पाणी तांब्यात भरून बाहेर आले, तांब्या पायरीवर ठेवला आणि परत आत गेले. मग आतून त्यांचा खणखणीत आवाज आला, "कोण? पाव्हणं आलं व्हय? बर्री, बर्री! या, या!"

मी गल्लीत दोन्ही बाजूंना बघितलं. पाहुणा म्हणावा असा कुणी नव्हता. एक म्हैस होती, पण ती गल्लीतलीच होती.

गृहस्थ पुन्हा बाहेर आले. बूट काढून त्यांनी पायांवर पाणी ओतलं, "आलोय की" असं स्वतःच उत्तर दिलं आणि आत जाऊन पाटावर बसले. दार सताड उघडं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं. त्यांनी कोटाच्या खिशातून गुळाचा खडा काढून समोर ठेवला.

"वाटंत तरास न्हाई न्हवं झाला?"

"न्हाई. मोटार तेवढी लई खडखडली."

"असू दे, असू दे. गूळ घ्या."

"नगं, नगं, कशाला उगंच?"

"घ्या की वो! लाजतासा काय, घर तुमचंच हाय."

दोन्ही आवाज त्यांचेच होते. आग्रह करून घेतल्यावर त्यांनी संकोचानं तो खडा तोंडात टाकला. माझ्या हातातली बशी कलली आणि कढत चहा धोतरावर सांडला. "गाढवा! डोळे फुटले का तुझे?" मी ओरडलो. गृहस्थ तत्काळ दारात आले.

"कुणाला म्हणालासा?"

"कुणाला नाही. मलाच."

त्यांचा चेहरा असा खुलला की मी घाबरलो. "अस्सं? कवापासनं म्हणतासा?" असं विचारत ते थेट माझ्या ओट्यावर येऊन बसले. बेळगावला लागून असलेल्या आमच्या शहापुरातला त्यांचा पहिला पेशंट मी ठरलो, आणि तेही अंगात धोतराशिवाय कोरडं काही नसताना... नव्हे, धोतरही ओलंच होतं. पाहा, आठवण काढली तरी माझं वाक्य बिघडतं.

मी शाळेत मराठीचं व्याकरण शिकवायचो. आयुष्यात धक्के बसू नयेत म्हणून माणसानं निवडावा असा तो विषय आहे. कर्ता, कर्म, क्रियापद आपापल्या जागी असतात आणि विभक्तीचे प्रत्यय रात्रीतून बदलत नाहीत. डॉक्टर नेमगोंडा शेजारी आले आणि माझ्या या शांत आयुष्याची पार वाट लागली. गल्लीनं त्यांचं नाव 'पाव्हणं डॉक्टर' ठेवलं. तेच पुढे सगळ्या बेळगावात चाललं.

ते निपाणीकडचे. जैन शेतकऱ्याचं घर, तंबाखूची शेती, घरात कानडी आणि शिवारात मराठी. मुंबईला डॉक्टरकी शिकून आलेला त्यांच्या घरातला हा पहिलाच माणूस. जर्मनशी लढाई जुंपली तेव्हा सरकारनं त्यांना पलटणीबरोबर बसऱ्याला धाडलं. परत आल्यावर त्यांनी कॅम्पात दवाखाना घालावा, गोऱ्या साहेबांच्या नाड्या बघाव्यात, बंगला बांधावा. कुणीही हेच केलं असतं. हे गृहस्थ आमच्या मागवाल्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, बोळात येऊन राहिले, जिथं दिवस उजाडल्यापासून चहूकडून धोट्यांची खटखट सुरू होते आणि नवराबायकोलाही ओरडून बोलावं लागतं.

"कॅम्पात किती शांत असतं," मी एकदा म्हणालो.

"म्हणून तर न्हाई गेलो. गुमान असलं की माणूस भितंय, मास्तर. हितं मागाच्या खटखटीत कायबी बोला. कोन ऐकतंय?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

त्यांच्या दारावरची पाटी वाचून मला दुसरा धक्का बसला. पाटीवर मराठीत आणि कानडीत लिहिलं होतं, 'येथे शिव्यांवर इलाज होईल.' रंगाऱ्याला पाटी लहान पडली म्हणून त्यानं 'स्वतःला दिलेल्या' हे शब्द गाळले होते. त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. बेळगुंदीहून एक सून आपल्या सासूला बैलगाडीत घालून घेऊन आली. म्हातारी गाडीतून उतरेपर्यंत सुनेला, बैलांना, डॉक्टरांना आणि ओट्यावर बसलेल्या मला अशा शिव्या देत होती की त्यातल्या काही मला नवीन होत्या. डॉक्टरांनी तिची नाडी बघितली, जीभ बघितली.

"ह्यास्नी कायबी झालेलं न्हाई. समदं भाईर जातंय. शंभर वर्सं जगतील," ते म्हणाले. मग सुनेकडं वळले. "तुमी सवताला काय म्हणतासा?"

सून आधी पदर चावत बसली. नंतर जे बोलली ते सासूच्या शिव्यांहून वाईट होतं, आणि सगळं स्वतःबद्दल. मी ओट्यावरून उठून घरात गेलो. असलं ऐकायची मला सवय नव्हती. संध्याकाळी त्या दोघी परत निघाल्या तेव्हा सुनेच्या तोंडात गुळाचा खडा होता, आणि म्हातारी शिव्या देतच होती, पण जरा हात राखून.

इलाज एकच असायचा. पेशंटानं घराबाहेर जायचं, पाय धुवायचे, आत येऊन पाटावर बसायचं आणि स्वतःला पाहुणा समजून विचारपूस करायची. आपल्या हातून काही चुकलं की दारात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं आपल्याशी बोलायचं. 'पाव्हणं' म्हणायचं. एकेरीत यायचं नाही. डॉक्टर स्वतःही हे पथ्य इतकं कडक पाळायचे की बघवत नसे. जैनांच्या रीतीनं त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचं. दररोज सायंकाळी भिंतीपलीकडून आवाज यायचा, "पाव्हणं, ऊन उतराय लागलं. जेवून घेतासा न्हवं?" आणि मग पाहुण्यांचे आढेवेढे.

माझ्यातल्या व्याकरणशिक्षकाला हे सहन होईना. एके दिवशी मी भांडायलाच गेलो.

"डॉक्टर, मी म्हणजे प्रथमपुरुष, एकवचन. त्याला तुम्ही द्वितीयपुरुषी आदरार्थी बहुवचन लावता. हे कोणत्या नियमात बसतं?"

"बसा, मास्तर. पोरानं फळ्यावर चुकीचं लिवलं तर काय म्हणतासा?"

"गाढवा."

"आन तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टर सायबानं तीच चूक केली तर?"

"साहेब, एकवार पुन्हा बघावं, असं."

"चूक तीच की! मग आता सांगा, त्यातला कोन दुसऱ्या बारीला नीट लिवतोय? पोरगं का सायब?"

मुलाचा हात थरथरायला लागतो, हे मला माहीत होतं. पण ते त्यांच्यापुढं कबूल करण्याची गरज मला वाटली नाही. मी म्हणालो, "लाड करून माणूस बिघडतो."

"पाव्हण्याचं लाड करतोय व्हय आपण? पाव्हणा उद्या जाणार. त्याला मान द्याचा, खरं सांगायचं, पर दारात उभा करून जोड्यानं हाणायचं न्हाई. आमच्यात बघा, भादव्यात समद्या जिवांची माफी मागत्यात. मुंगीची, किड्याची, पायाखाली आलेल्या गवताची. लई चांगलं हाय. पर त्यात एक जीव दरवर्सी ऱ्हाऊन जातोय." त्यांनी बोटानं माझी छाती ठोकली. "ह्यो!"

हा इलाज त्यांना कुठल्या पुस्तकात सापडला, असं मी विचारलं. ते हसले. बसऱ्याच्या तंबूत असे शिपाई यायचे की अंगावर ओरखडा नाही, पण हात थांबत नाहीत, घास गिळत नाहीत. गोरे डॉक्टर म्हणायचे, सोंग करतात. खानापूरकडचा एक शिपाई होता. शेजारचा जोडीदार पडला आणि हा पळाला. तेव्हापासून तोंडात पाणी घेईना. "म्या औषधं दिली, दरडावलं, समजूत घातली. कायबी न्हाई. एक दिस दमून गेलतो, डोस्कं चालत न्हवतं, आन त्याला बघून माज्या तोंडातनं आपसूक आईचं बोलणं आलं. 'पाव्हणं, पाय धुवा. गूळ घ्या.' त्यो हमसून हमसून रडला आन दोन भाकऱ्या खाल्ल्या. मास्तर, म्या मुंबईला इतकी वर्सं शिकलो, आन औषध आईच्या तोंडात हुतं."

"आणि तुमच्या घरी कोण कोण?" मी विचारलं होतं.

"हुती. बायको हुती, पोरगा हुता. मी परत आलो त्याच साली मानमोडीत गेली दोघंबी." हे त्यांनी निपाणीची मोटार उशिरा आली, अशा सुरात सांगितलं आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेले. मानमोडीच्या त्या तापाच्या साथीत घरंच्या घरं रिकामी झाली होती. कुणी कुणाला जास्त विचारत नसे.

बेळगुंदीच्या सत्याप्पा पैलवानाची गोष्ट सांगितल्याशिवाय डॉक्टरांची ख्याती कळायची नाही. हा गडी एकदा सांबऱ्याच्या मैदानात चितपट झाला आणि तेव्हापासून रोज तालमीच्या भिंतीवर कपाळ आपटून स्वतःची आईबहीण काढायचा. त्याच्या वस्तादानं त्याला डॉक्टरांकडं आणलं. एवढं धूड पाटावर मांडी घालून "पाव्हणं, भाकरी खाल्लीसा?" असं स्वतःला विचारताना मी बघितलं आहे, आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसलेला नाही. पुढच्या जत्रेत त्याची पुन्हा त्याच मल्लाशी कुस्ती लागली. डॉक्टरांनी मला ओढून नेलं. थोड्याच वेळात सत्याप्पा खाली गेला. वर तो मल्ल बसलेला, मैदान ओरडतंय, आणि सत्याप्पा पथ्य पाळून मोठ्यानं स्वतःला विचारतो, "पाव्हणं, लागलं न्हाई न्हवं?"

वरच्या मल्लाला वाटलं, आपल्यालाच विचारलं. आमच्या भागात पाहुणा म्हणून विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. तो म्हणाला, "न्हाई, न्हाई, बरं हाय," आणि बोलण्याच्या नादात त्याची पकड सुटली. पुढच्या क्षणी तो पाठीवर होता. लोकांनी पटके उडवले. हरलेला मल्ल पंचांना ओरडून सांगत होता की ह्यानं मला पाहुणा म्हणून फसवलं. पंचांना यावर काय निवाडा द्यावा तेच कळेना. मी तर डोकं धरून खालीच बसलो.

आता हसायचं सोडून सांगतो.

माझी थोरली बहीण, आक्का, आमच्याच घरी असायची. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. ती विधवा झाल्यावर तिला आणि तिच्या लेकीला, कुशीला, मी घरी आणलं. कुशी मानमोडीत गेली. तापानं फणफणलेली पोर सारखी ताक मागत होती. आक्कानं न राहवून घोटभर ताक दिलं, आणि पोरीनं सकाळ बघितली नाही. समाचाराला आलेली एक बाई सहज म्हणून गेली, "तापात ताक दिलंस व्हय गं?" ती बाई विसरली असेल. आक्कानं ते बोलणं सोडलं नाही. स्वतःला ती अवदसा म्हणायची, कैदाशीण म्हणायची, आणि काम करता करता म्हणायची, म्हणजे आम्हाला त्याची सवय झाली. ताक तर ती तोंडात घेत नसेच. आमची मंडळी, म्हणजे माझी बायकोही, आक्काच्या नकळत मागच्या दारी ताक घुसळायची आणि आत झाकून ठेवायची.

त्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीला ताप आला. साधाच ताप होता, उतरलाही. पण आक्का त्या खोलीत पाऊल टाकेना. "माजी सावली नगं तिच्यावर," म्हणाली. मग तिनं घराबाहेर पडणं सोडलं, रात्रीचं जेवण सोडलं. मग दुपारची भाकरी अर्ध्यावर आली, अर्ध्याची चतकोर झाली. वैद्य म्हणाले, रोग काही नाही. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकाव्यात इतके तिचे हात वाळले... बांगड्या तरी कुठल्या म्हणा, विधवेच्या हातात. पण तसे ते वाळले. माझी बहीण माझ्या घरात, भरल्या दुरडीसमोर, उपाशी मरणार हे मला दिसत होतं. मला भयंकर भीती वाटली. ज्यांच्याशी व्याकरणावरून भांडलो होतो, त्यांच्याकडं मी हात जोडून गेलो.

डॉक्टर आले. आक्का पाटावर बसायला तयार होईना. "मी कुनाची पाव्हणी? मी कैदाशीण हाय," म्हणाली. डॉक्टरांनी मुळीच आग्रह केला नाही. जमिनीवर भिंतीला टेकून बसले.

"बरं ऱ्हायलं, आक्का. माज्याकडं एक पाव्हणीबाई आल्यात. त्यांची पोर मानमोडीत गेली. पोर ताक मागत हुती, त्यांनी दिलं. त्या म्हणत्यात, मीच मारली. मी काय सांगू त्यास्नी? मी पुरुस मानूस."

इतका उघड डाव! मला वाटलं, आक्का आता उठून जाईल. बाहेर माग खटखटत होते.

"ताकानं मरतंय व्हय कोन?" ती शेवटी म्हणाली. "समद्या गावात मरत हुती. ज्येंनी ताक दिलं न्हाई त्यांचीबी मेली. मरताना पोरीची तहान तरी भागली, म्हणावं तिला."

मला हुंदका आवरेना. डॉक्टरांनी "हौदु, हौदु, खरं हाय" एवढंच म्हणत मान हलवली.

"मग त्येच तुमालाबी..."

"तिचं येगळं," आक्का झटकन म्हणाली. "माजं येगळं." आणि तोंड फिरवून बसली.

त्यानंतर ते अधूनमधून येत. आक्का त्यांच्या पाव्हणीबाईची विचारपूस करायची, तिला निरोप द्यायची, तिनं काय खावं हेही सांगायची. पण स्वतः चतकोरावरून पुढं गेली नाही. पाव्हणीबाई सुधारत होत्या आणि आक्का खंगत होती. डॉक्टरही पहिल्यांदाच काळजीत दिसले.

मग ती अवस आली. अवसेला आमच्या गल्लीतले माग बंद असतात. एरवी डॉक्टर दर अवसेला पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं निपाणीला शेताकडं जायचे. त्या दिवशी मोटार बंद पडली म्हणून ते वाटेवरूनच परत आले. आम्हाला ठाऊक नव्हतं. दुपारची वेळ, गल्लीत धोट्याचा आवाज नाही. आक्का भिंतीला टेकून बसली होती आणि मी तिच्यासमोर भाकरीचं ताट धरून तिची मनधरणी करत होतो. एवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"पाय धुतलंस का रं, नेम्या? धुतलंस का?"

मी ताट खाली ठेवलं. पलीकडं कुणी दुसरं आहे का, अशी मला क्षणभर शंका आली. पण आवाज डॉक्टरांचाच होता.

"दारात पानी ठेवलं हुतं तिनं. पाय धुवा म्हणत हुती. तुला लई घाई रं! बूट न काढता घरात गेलास. बसऱ्याची घान, आगबोटीतली घान, समदी तशीच घिऊन पोराला उचललास. आट दिसात पोरगं गेलं. मागनं ती गेली. डागदर हाईस व्हय तू? थू तुज्या जिनगानीवर! जनावर हाईस तू, जनावर!"

आणि मग आपटल्याचा आवाज आला. कपाळ आपटल्याचा. सत्याप्पानं तालमीत जे केलं असेल तेच.

मला जन्मात बसलेला तो सर्वांत मोठा धक्का. एकवचन! जो माणूस साऱ्या मुलखाला स्वतःशी अहोजाहो करायला लावत होता, तो स्वतःला एकेरीत, आणि असल्या शब्दांत बोलत होता. रोज संध्याकाळचा तो "पाव्हणं, जेवून घ्या" मला आठवला आणि मागाच्या खटखटीखाली दिवसभर काय चालत असेल ते लक्षात आलं. ते शहापुरात का राहत होते, ते मला त्या दुपारी समजलं.

आक्का उठली. भिंत धरत धरत उठली. कोनाड्यातला तांब्या घेतला, घागरीतलं पाणी ओतून घेतलं. "आक्का, तुला चालवेल का?" मी म्हणालो. तिनं मला हातानं बाजूला सारलं. कित्येक महिन्यांत न ओलांडलेला उंबरा ओलांडून ती शेजारच्या दाराशी गेली आणि कडी वाजवली. मी मागं होतो.

दार उघडलं. डॉक्टरांच्या कपाळावर लाल वळ होता. आम्हाला बघून त्यांनी घाईनं पटका सारखा केला. "या, या, आक्का. बर्री. मास्तर, बसा की..."

"मी आत येतो. तुमी भाईर जावा," आक्का म्हणाली. तिच्या बोलण्यात बाईमाणसाचा 'येतो' असतो, तो माझ्या व्याकरणाला कधी सुधारता आला नाही.

"आँ?"

"भाईर जावा म्हणतो न्हवं."

डॉक्टर गोंधळून पायरीवर उतरले. आक्का त्यांच्या घरात जाऊन उंबऱ्याच्या आत उभी राहिली. तांब्या तिनं दोन्ही वाळलेल्या हातांनी धरला होता.

"पाव्हणं, पाय धुवा."

डॉक्टरांचा चेहरा मी बघितला आणि दुसरीकडं बघितलं. "आता धुवून काय उपेग, आक्का?" ते पुटपुटले. "तवा धुयाचं हुतं."

"ताक दिऊन पोर मरत न्हाई म्हणून मला येवडं दिवस सांगतासा. मग पाय धुवायचं ऱ्हायलं म्हणून मरतंय व्हय? बूट काढणारांच्या घरात काय कमी मेली?" आक्काचा श्वास लागला होता. "लेकराला बगून घाई झाली. बापाला हुयाचीच. धुवा पाय."

ती खाली वाकली आणि पाणी ओतू लागली. तो उंच, पलटणीतला माणूस लहान मुलासारखा एक पाय पुढं, मग दुसरा पुढं करत राहिला. गाल भिजलेले होते आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"या आता आत," आक्का म्हणाली. "घर तुमचंच हाय."

डॉक्टर आत आले. त्यांच्याच पाटावर पाहुण्यासारखे अवघडून बसले. कोटाच्या खिशात हात घालून त्यांनी गुळाचा खडा काढला आणि हातावर धरून आक्कापुढं केला. "तुमीबी घ्या, आक्का. पाव्हणी हाईसा."

"मी पाव्हणी हाय तर मला गूळ नगं," आक्का भिंतीला टेकून खाली बसत म्हणाली. तिचे डोळे मिटले होते. "ताक हाय का वो घरात? घोटभर."

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्याकडं ताक नव्हतं. आमच्याकडं होतं, आत, झाकून ठेवलेलं. मी धावत घरी गेलो. आमच्या मंडळीला काही सांगायचं सुचलं नाही. झाकण काढलं, पेल्यात ताक ओतायला गेलो आणि माझा हात असा थरथरत होता की अर्धं ताक माझ्या धोतरावर सांडलं.

'गाढवा' हा शब्द जिभेवर आला होता.

"असू द्या, मास्तर," मी म्हणालो. "असू द्या." आणि उरलेलं ताक घेऊन, पायाखाली बघत, शेजारी निघालो.